पाण्याखालच्या घराचं दार

दत्ता, तुझ्या मातीला मी चुकीच्या गावात गेलो.

एकटा गेलो असतो तर गुपचूप गिळून टाकलं असतं. पण मी अर्धी स्टाफरूम बरोबर घेऊन गेलो. त्या सकाळी तुझी बातमी आली तेव्हा कुणाला काही सुचेना, आणि अशा वेळी मला नेहमी जास्तच सुचतं. "माती कुठं आहे?" कुणीतरी विचारलं. तुझ्या भावाला, बाळूला, एक फोन लावला असता तर कळलं असतं. पण दत्ताला माझ्याइतकं कोण ओळखतं, फोन कसला करायचा, असं म्हणून मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "पळसदेव. दुसरीकडं कुठं असणार?" तुझ्या वडलांना, आबांना, तिथंच नेलं होतं. शेळगावात मेलेल्या माणसाला एवढ्या लांब पाण्याच्या काठाला नेऊन जाळलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय तुला कुणीही गाव विचारलं की तू शेळगाव कधी म्हणालाच नाहीस.

तर आम्ही पुष्पचक्र घेऊन पळसदेवला उतरलो. दिवाळी नुकतीच झालेली, धरण तुडुंब, तुझ्या जुन्या गावावर नजर जाईल तिथवर पाणी. काठावर एक नाव पालथी पडलेली आणि एक बगळा. माणूस नावाला नाही.

"माणसं कुठायत?" शमीम मॅडमनी विचारलं.

"आपणच लवकर आलो असू," मी म्हणालो.

मग हायवेच्या कडेच्या चहावाल्यानं आमची दया येऊन विचारलं, "कुणाकडं आलाय?" मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "माती व्हय? ती शेळगावात हाय की. आमचं पावनं सकाळीच गेल्यात तिकडं. हितं काय हाय आता, सर? पाणी हाय."

गाडीत परत बसताना शमीम मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं वर्गात स्थलांतर शिकवताय, आणि माणूस राहायला कुठं गेला तेवढं तुम्हाला माहीत नाही." त्यांचे डोळे लाल होते. मी पुष्पचक्र मांडीवर घेऊन बसलो.

शेळगावात पोचलो तेव्हा माणसं पांगली होती. तुझी चिता बसत आली होती. मी हात जोडले. पुष्पचक्र तसंच हातात राहिलं, ते घेऊन तुझ्या घरी गेलो आणि कुठं ठेवावं ते न कळून गोठ्याच्या कुडाला टेकवलं. त्यातला झेंडू तुझ्या म्हशीनं खाल्ला. पाटीवरची आपल्या विभागांची नावं तेवढी राहिली, ती तिला रुचली नसावीत. तुला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. तू किती वेळ हसला असतास, आणि मग पुढची चार वर्षं प्रत्येक नव्या प्राध्यापकाला ही गोष्ट माझ्यासमोर सांगितली असतीस.

आता तू नाहीस, तेव्हा ती मलाच सांगावी लागते आहे.

तुझी खुर्ची अजून कुणी हलवलेली नाही. टेबलाच्या खणात भुईमुगाच्या शेंगा निघाल्या. टरफलं माझ्या पेपरांवर टाकायची तुझी खोड मी कितीदा तुझ्या कानावर घातली. तू म्हणायचास, "अरे बारामतीकर, टरफलांखाली तुझा अर्थशास्त्राचा पेपर जरा वजनदार दिसतो." बारामतीकर हे तू मला शिवीसारखं म्हणायचास. माझं सगळं आयुष्य एका शहरात गेलं. पेठेतल्या गल्लीतून एमआयडीसीकडच्या कॉलनीत आलो, हे माझं एकमेव स्थलांतर, आणि तेही आईनं सहा महिने होऊ दिलं नव्हतं. तरी कॉलेजात स्थलांतराचा अभ्यासक्रम आला तेव्हा पहिला हात मी वर केला. मी अर्थशास्त्र, तू समाजशास्त्र, शमीम मॅडम राज्यशास्त्र. एकच विषय तिघांनी मिळून शिकवायचा, असं वरून आलेलं. मुलांचे हाल काय झाले ते मुलांनाच ठाऊक.

मी फळ्यावर दोन बाण काढायचो. एक ढकलणारा, एक ओढणारा. इथं पाऊस नाही, काम नाही, म्हणून माणूस ढकलला जातो. तिथं कारखाना आहे, ऊस आहे, म्हणून ओढला जातो. मधे उभा राहून तो हिशेब करतो आणि निघतो. स्वच्छ आकृती. मग तू उठायचास, माझ्या दोन बाणांच्या मधे एक टिंब काढायचास आणि मुलांना विचारायचास, "ह्याच्या घरात म्हातारी आहे का? तिला विचारलं का?" बास. तुझा तास झाला. मुलं टाळ्या वाजवायची आणि मी नुसता खडू झटकत राहायचो.

शमीम मॅडमचं वेगळंच. त्यांच्या बोलण्यात सीमा असायची. सीमा ओलांडली आणि मागं जिवाचं भय असलं तर निर्वासित. सीमेच्या आत उठवलं तर विस्थापित. धरणासाठी उठवलं तर प्रकल्पग्रस्त. आपणहून निघाला तर स्थलांतरित. "नाव बदललं की हक्क बदलतो," त्या म्हणायच्या, "आणि आपल्याकडं तर निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते ज्या त्या वेळचं सरकार ठरवतं." तू म्हणायचास, "मॅडम, घर पाण्यात गेलं तेव्हा आमच्या आईनं, आक्कानं, कुठली सीमा ओलांडली? उंबऱ्याची. तेवढी पुरंल का तुमच्या कायद्याला?" त्या म्हणायच्या, "नाही पुरत." आणि तुला चहा द्यायच्या. तुमचं भांडण इतकं सभ्य असायचं की मला मधे पडायला जागाच मिळायची नाही, मग मी विनोद करायचो, आणि तो कुणालाच आवडायचा नाही.

त्या आल्या तो पहिला दिवस आठवतो? मी मोठ्या आपुलकीनं विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इंदापूरच्या. वडलांचं कापडाचं दुकान आहे."

"तसं नाही, त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही इंदापूरच्या."

मी "आणि त्याच्याही…" म्हणायला तोंड उघडलं. तोवर तू शेंग फोडत म्हणालास, "त्यांना काय विचारतोस? मला विचार. माझं मूळ सापडलं तर शेवाळ लागलेलं निघंल." सगळे हसले. मला माझ्याच तोंडापासून वाचवायचं काम तू अनेकदा केलंस, आणि एकदाही नंतर बाजूला घेऊन समज दिली नाहीस. त्याचे आभार मानायचे राहून गेले. तेव्हा मानले असते तर तू "कशाबद्दल?" म्हणाला असतास, आणि मला ते सगळं पुन्हा उगाळावं लागलं असतं.

पण आपलं खरं भांडण वेगळं होतं. तुम्हाला जमीन मिळाली होती, तीही बागायती. ऊस आला, पक्कं घर आलं, तू शिकलास, बाळूचा ट्रॅक्टर झाला. मी म्हणायचो, आता चाळीस-पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, अजून कसले रे तुम्ही उठवलेले? पुनर्वसन यशस्वी झालं म्हण आणि मोकळा हो. तू म्हणायचास, "भरपाईत जमीन मोजली, शेजार मोजला नाही. आक्काच्या डाव्या हाताची शेजारीण एका शिवारात गेली, उजव्या हाताची दुसऱ्या. आणि शेळगावात आजपण आमची वस्ती 'धरणवाल्यांची'. पोस्टमन तसंच म्हणतो, लग्नाच्या पत्रिकेवर तसंच असतं." मी म्हणायचो, "नावात काय आहे?" तू म्हणायचास, "मग मी तुला बारामतीकर म्हटल्यावर का चिडतोस?"

शेवटी कंटाळून एका उन्हाळ्यात तू मला पळसदेवला घेऊन गेलास. पाणी आटलं होतं, जुनं देऊळ चिखलातून वर आलं होतं. दरवर्षीप्रमाणं जुन्या गावची माणसं जमली होती, कुठून कुठून. मी देऊळ बघायला आलो होतो. ती माणसं देवळाकडं एकदा हात जोडत आणि मग पाठ फिरवून मोकळ्या चिखलात चालायला लागत. तिथं काही म्हणजे काही नव्हतं. दगडांच्या ओळी, फुटकी कौलं, शिंपले. पण प्रत्येकजण ठरावीक जागी जाऊन थांबायचा आणि बरोबरच्या पोरांना दाखवायचा. हा आपला गुरांचा वाडगा. हिथं बैल. हिथं तुझी आत्या पडली होती.

तू आणि आक्का पुढं गेला होतात. आक्का एका जागी बसली होती, पदर डोक्यावर, जशी बाई घरात बसते तशी. तू मला हाक मारलीस. मी आपला शहरी माणूस, सरळ रेषेत निघालो. चिखलातून, शिंपल्यांवरून, दगडांची एक ओळ ओलांडून तुझ्यापाशी. आणि तुझी म्हातारी कडाडली,

"अवो मास्तर! दारातनं या की! भिताडातनं काय शिरताय?"

मी जागच्या जागी थांबलो. मला वाटलं गंमत करते आहे. तिच्या तोंडाकडं बघितलं, गंमत नव्हती. तू मान खाली घालून हसत होतास आणि मला वाचवायला या खेपेला आला नाहीस. मी मागं वळलो, दगड परत ओलांडला, वळसा घातला. "दार कुठंय?" मी विचारलं. "उगवतीला," आक्का म्हणाली, "आन् वाहाणा काढा." मी बूट काढले, मोज्यांसकट, आणि पाऊल उंच उचलून नसलेल्या उंबऱ्यावरून आत आलो. मग आक्काचं तोंड फुललं. "बसा," म्हणाली, "च्या टाकला आसता, पर चुलीत गाळ हाय."

परतताना तू मोटरसायकलवर एक शब्द बोलला नाहीस. वाद जिंकल्यावर बोलायचं नसतं, हे तुला बरोबर कळायचं. मीही काही बोललो नाही, आणि नंतरही कधी बोललो नाही, म्हणून आज सांगतो. त्या जूनपासून मी फळ्यावर दोन बाण काढले की मधे ते टिंब स्वतःच काढतो. तू रजेवर असलास तरी. विचारतो मुलांना, घरात म्हातारी आहे का म्हणून. हे तुला कळलं असतं तर तू स्टाफरूममध्ये पेढे वाटले असतेस, म्हणून तुझ्या कानावर जाऊ दिलं नाही.

आणि मग तो शेवटचा शुक्रवार. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच उतरायला लागल्या होत्या. वर्गाच्या खिडकीतून भांडीकुंडी आणि कोंबड्या लादलेले ट्रेलर जाताना दिसत होते. तू खिडकीशी उभा राहून नेहमीसारखं म्हणालास, "भिगवणला परदेशातनं रोहित पक्षी आले की त्यांना पाहुणे म्हणायचं, आणि बीडचा माणूस आला की त्याला बाहेरचा म्हणायचं." विषय निर्वासितांचा होता. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, निर्वासित माणूस निर्वासित असायचा कधी थांबतो?"

साधा प्रश्न. मी लगेच उत्तर दिलं. मला प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी उत्तर येतं. म्हणालो, "उठवलं गेलं तेव्हा होती तेवढी कमाई परत सुरू झाली की." शमीम मॅडम थोडं थांबून म्हणाल्या, "त्याला परत हाकलायचा अधिकार कुणाच्याच हातात उरला नाही की." मग सगळा वर्ग तुझ्याकडं बघायला लागला. तू बाहेर बघत होतास. मग म्हणालास,

"सोमवारी सांगतो."

त्या सोमवारी मी चुकीच्या गावात होतो.

आता पुढचं ऐक. तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही शेळगावात होतो. या खेपेला मी बाळूला दोनदा फोन करून पत्ता विचारला होता. राख गोळा झाली आणि तिथंच बाळूचं आणि तुझ्या बायकोचं, सुमनवहिनींचं, बिनसलं. बाळूचं म्हणणं, मातीच पळसदेवला व्हायला हवी होती, ती झाली नाही, निदान राख तरी तिकडं सोडू. "आबांना तितं न्येलं आन् दादाला न्हाय? दादा काय म्हनंल?"

वहिनींना राख बांधावर खड्ड्यात घालून वर जांभळाचं रोप लावायचं होतं. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "आबांचं अर्धं आयुष्य तिथं गेलं, त्यांचं बरोबर होतं. मी ते गाव एकदाबी बघितलं नाही. मी कोऱ्हाळ्यातनं लग्न होऊन आले ती शेळगावात. इथं संसार केला. हे गेल्यावर मी काय पाण्याकडं बघत बसू?" आणि मग माझ्याकडं वळून, "काय हो सर, बायका लग्न होऊन गाव सोडतात, त्याला तुमच्यात काय म्हणतात? तुम्ही तिघं एवढं भांडायचा माझ्या ओसरीवर, चहाचे कप मी मोजायचे. त्यात आमचं कधी नाव ऐकलं नाही."

दत्ता, त्याला विवाहजन्य स्थलांतर म्हणतात आणि आकड्यांत ते सगळ्यात मोठं असतं. हे मी त्यांना सांगणार होतो, त्याच्या आत शमीम मॅडमनी माझ्या पायावर पाय दिला.

मग बाळू म्हणाला, "सर, तुमीच सांगा. दादा तुमाला कायतरी बोलला आसंल. तुमी सांगाल तसं करू."

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी गोष्टी रचणारा माणूस, तुला माहीत आहे. नुसतं "दत्ता एकदा मला म्हणाला होता" एवढं वाक्य सुरू करायचा अवकाश, पुढचं आपोआप आलं असतं, आणि दोघांपैकी एकाचा जीव शांत झाला असता. दुसऱ्याचा जन्मभर झाला नसता. पण आपण इतकी वर्षं भांडलो, सगळ्या जगाच्या छावण्या आणि सीमा धुंडाळल्या, आणि तुला स्वतःला कुठं ठेवायचं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी जे खरं होतं ते सांगितलं. "तो सोमवारी सांगणार होता."

वहिनी पहिल्यांदा हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. "मलापण तेच सांगायचे," त्या म्हणाल्या. "पत्रे कधी बदलायचे? सोमवारी. दवाखान्यात कधी जायचं? सोमवारी."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मला इचारलंय का कुनी?"

दत्ता, आमच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांची तुझी शिकवण, फळ्यावर मीच काढायला लागलेलं ते टिंब, आणि घरात म्हातारी आहे हेच आम्ही विसरलो होतो. आक्का उठली, राखेपाशी आली. म्हणाली, "राख सुमनच्या नजरंम्होरं ऱ्हाऊ दे. ती म्हनती त्ये झाड लावा. मला मूठभर द्या. लेकराला यकडाव घर दावून आनते."

जांभूळ त्याच दिवशी लावलं. आणि काल, दहावा झाल्यावर, आम्ही पळसदेवला गेलो. शमीम मॅडम काठावर राहिल्या, सगळ्यांच्या चपला सांभाळत. आक्कानं नावेत बसायच्या आधी प्रत्येकाला वाहाणा काढायला लावल्या होत्या. नाववाला, बाळू, वहिनी, आक्का आणि मी. वहिनी जीव मुठीत धरून बसल्या होत्या. पाणी सपाट, एकसारखं, देवळाचा कळसही खाली. बाळूला नक्की जागा आठवत नव्हती, गाव उठलं तेव्हा तो पाळण्यात होता. मला मात्र आठवत होती. मी उन्हाळ्यात बघून गेलेलो, शिवाय प्राध्यापक. पलीकडचं टेकाड आणि अलीकडची पाण्याची टाकी एका रेषेत धरून मी बोट दाखवलं, "इथंच. थांबवा."

आक्कानं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. तिची नजर पाण्यावरही नव्हती. ओठ पुटपुटत होते. "म्होरं घे. हा पार. ही सोनाराची आळी. आता जरा दमानं, हितं चढ हाय." नाववाला मुकाट ऐकत होता. वहिनींनी हळूच विचारलं, "आक्का, आपलं अंगण कुठं आलं?" म्हातारीनं सुनेचा हात धरून पाण्याला लावला. "ह्ये बग. हितं तुळस." वहिनींनी हात तसाच पाण्यात ठेवला. नाव पुढं सरकत होती आणि त्यांची बोटं पाणी कापत येत होती.

मला वाटलं, जागा आली. बाळूला हुंदका आवरत नव्हता, मडकं त्याच्या मांडीवर होतं. एवढं तरी आपण नीट करावं, म्हणून मी ते त्याच्याकडून घेतलं आणि माझ्या बाजूनं, नावेच्या कडेवरून, तुला अलगद पाण्यात सोडायला वाकलो.

"आरं थांब थांब!" आक्का ओरडली, नाव हलली. "नाव उगवतीला फिरीव. आन् ह्या मास्तरला आदी तकडं सरकवा. मेला आजून भिताडातनंच शिरतोय."